'वयामुळे होतं' म्हणण्याआधी : उतारवयात अचानक तब्येत बिघडली तर काय करायचं

एप्रिल महिना होता. सकाळी साडेसहाला ह्यांनी चहाच्या कपात चमचा घातला आणि ढवळतच राहिले. कपात साखर नव्हतीच. आमच्याकडे गेली आठ वर्षं चहा बिनसाखरेचा होतो. "अहो, काय ढवळताय?" असं मी विचारलं, तर माझ्याकडे बघून त्यांनी थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि "दूध आलं का?" म्हणाले. वन्सं जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्याआधीचे दोन दिवस ते जास्त झोपत होते, कमी बोलत होते, दोनदा मळमळलंही होतं. मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं होतं, "ऊन केवढं वाढलंय, शिवाय वय झालं, चालायचंच." हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा सोडियम ११६ निघालं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं औषध होतं, बीपीसाठी म्हणून आम्ही जेवणातलं मीठ जवळजवळ बंद केलं होतं, आणि उन्हाळा म्हणून ते दिवसभर तांब्याने पाणी पीत होते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. सहाव्या दिवशी त्यांनी पेपर मागितला आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ते दोन दिवस मी वाया घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या दोघांची आणि पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या जुन्या सोसायटीतल्या पाच-सहा घरांची दुखणी जवळून पाहिली, निस्तरली, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं.

अचानक झालेला बदल ओळखा

म्हातारपण वर्षांच्या हिशेबाने येतं. गुडघे हळूहळू कुरकुरतात, नावं हळूहळू आठवेनाशी होतात. माणूस काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत बदलला, तर तो आजार असतो, आणि बऱ्याचदा बरा होणारा असतो. घरात कुणी "वयामुळे होतं" म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न विचारा : हे गेल्या आठवड्यात होतं का? नव्हतं, तर डॉक्टरांना फोन करा.

अचानक बरळणं, दिवस-रात्र न कळणं, घरच्यांना न ओळखणं किंवा एरवी बोलका माणूस गप्प पडून राहणं, हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारं लक्षण आहे. लोक त्याला स्मृतिभ्रंश समजतात. स्मृतिभ्रंश असा एका सकाळी येत नाही. अशा वेळी सोडियम कमी झालेलं असतं, लघवीत जंतुसंसर्ग असतो, न्यूमोनिया असतो, लघवी तुंबलेली असते, कधी चार-चार दिवस पोट साफ झालेलं नसतं, तर कधी झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी सुरू झालेली असते. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात तापही येत नाही कधी कधी. फक्त खाणं सुटतं आणि गोंधळ वाढतो. ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका. सोडियम कमी आहे असं कळल्यावर घरी मीठ-पाणी पाजत बसू नका. कारणाप्रमाणे उपाय बदलतो, काहींना तर उलट पाणी कमी करावं लागतं. हॉस्पिटलातही ते मुद्दाम सावकाश, दिवसाला आठ-दहा अंकांच्या आत राहील असं वाढवतात, कारण भराभर वाढवलं तर मेंदूला इजा होते. "अजून किती दिवस ठेवणार?" म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागले होते, तेव्हा त्यांनी हे समजावलं.

पक्षाघाताची लक्षणं पाठ करून ठेवा. तोंड एका बाजूला ओघळतं, एक हात किंवा पाय उचलत नाही, बोलणं लडबडतं, अचानक तोल जातो, अचानक दिसेनासं होतं. यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघा. माणूस शेवटचा नीट कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहा, कारण हॉस्पिटलात पहिला प्रश्न तोच असतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. काही निवडक रुग्णांत नळीने गुठळी काढणं त्यानंतरही शक्य असतं, पण त्या भरवशावर राहू नका. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका. ॲस्पिरिन तर नाहीच, कारण रक्तस्रावामुळे झालेला झटका असेल तर ती घात करते. आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी हॉस्पिटलात जा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

हृदयविकाराचं चित्र आपल्या डोक्यात सिनेमातलं असतं : छाती धरून कोसळणारा पुरुष. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी छाती दुखतच नाही. घाम फुटतो, दम लागतो, जबडा किंवा पाठ भरून येते, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. आपण म्हणतो गॅस झाला, आणि ओवा चावतो. जिना चढताना परवापर्यंत न लागणारा दम आज लागत असेल, तर ओव्याचा डबा बाजूला ठेवा आणि ईसीजी काढा.

मधुमेही माणूस घामाघूम झाला, थरथरू लागला किंवा वेड्यासारखं बोलू लागला, तर आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची.

बाकीची थोडक्यात सांगते. शौचाला डांबरासारखं काळं होणं म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो, विशेषतः गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, चमक किंवा पडदा आला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा; मोतीबिंदू असेल म्हणून आठवडाभर थांबू नका. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन पुरळ उठलं तर ती नागीण. तिच्यावरची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर सर्वांत जास्त उपयोग होतो, म्हणून मंतरून घेण्यात ते तीन दिवस घालवू नका. आणि पायांतली ताकद कमी होत ती वर वर चढत असेल, तर तातडीने मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं हॉस्पिटल गाठा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा हे पुणेकरांनी जवळून पाहिलं. वेळेत पोचलेले बहुतेक जण पुन्हा चालायला लागले.

पडल्यानंतर

पडण्यावर वेगळं लिहायला हवं, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घरं यानेच कोलमडली.

कुणी पडलं की आपला पहिला आवेग असतो बगलेत हात घालून उठवण्याचा. थांबा. त्यांना तसंच राहू द्या, विचारा कुठे दुखतंय. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, असं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. उभं करून बघू नका, चोळू नका. पांघरूण घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

खुब्याच्या फ्रॅक्चरला "एवढ्या वयात ऑपरेशन कशाला?" हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आमच्या सोसायटीत एका आजींच्या बाबतीत त्यावर दहा दिवस काथ्याकूट झाला. तोवर पाठीला जखमा झाल्या आणि छातीत कफ भरला. वय जास्त म्हणून ऑपरेशन टाळणं हे उलटं गणित आहे. वय जास्त म्हणूनच अंथरुणाला खिळून राहणं परवडत नाही. शक्य असेल तिथे पहिल्या ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी आणि दुसऱ्या दिवशी माणूस आधाराने उभा राहावा, असाच डॉक्टरांचा प्रयत्न असतो. भुलीचा धोका किती, हे भूलतज्ज्ञांना समोर बसवून विचारा. नातेवाइकांच्या बैठकीत ते ठरवू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं, तर तो ठणठणीत दिसत असला तरी सीटी स्कॅन करून घ्या. म्हाताऱ्या माणसांत डोक्यातला रक्तस्राव इतका हळू साठतो की दोन-तीन आठवड्यांनी चाल बिघडते, झोप वाढते, आणि तोवर पडलेलं सगळेच विसरलेले असतात.

शिवाय पडले का, हे शोधा. पाय घसरला म्हणून, की आधी डोळ्यापुढे अंधारी आली म्हणून? अंधारी आली असेल तर बीपी झोपून मोजा, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटची, बीपीची किंवा झोपेची गोळी त्यामागे असू शकते.

आज संध्याकाळी करून ठेवायची कामं

एक कागद घ्या. त्यावर मोठ्या अक्षरात नाव, वय, रक्तगट, असलेले आजार, झालेली ऑपरेशनं, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि चालू औषधं लिहा. औषधाचं ब्रँडचं नाव पुरत नाही. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅमही उतरवा. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल, तर त्यात बहुधा ते पाणी काढणारं औषध असतं. असेल तर "सोडियम शेवटचं कधी तपासलं?" असं पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. मात्र मनाने गोळी बंद करू नका.

हा कागद, शेवटचा ईसीजी, गेल्या वर्षभराचे रक्ताचे रिपोर्ट, आधारकार्डाची प्रत, रेशनकार्डाची प्रत आणि विम्याचं कार्ड एका फाईलमध्ये घाला. जुना ईसीजी क्षुल्लक वाटतो, पण नव्या ईसीजीतला बदल जुनाच की आजचा, हे त्यावरूनच कळतं. आमची फाईल लाल आहे आणि दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली आहे. कपाटात ठेवू नका. ज्या दिवशी लागते त्या दिवशी कपाटाची किल्ली सापडत नाही. सगळ्या कागदांचे फोटो काढून मुलांना आणि एका शेजाऱ्यालाही पाठवून ठेवा.

फोनजवळ पत्ता चिकटवा. हसू नका, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पुण्यात एकाच नावाच्या चार सोसायट्या असतात, गल्ली नंबर पाच दोन ठिकाणी असतात. त्यामुळे सगळ्यांना माहीत असलेली खूण, मग उजवं-डावं, मग मजला, असं क्रमाने लिहा.

आणि जिना मोजा. आमच्यासारख्या बिनलिफ्टच्या इमारती कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत शेकड्यांनी आहेत, पेठांतल्या वाड्यांचे लाकडी जिने तर त्याहून अरुंद. स्ट्रेचर आमच्या दुसऱ्या वळणावर अडकतं. ह्यांना शेवटी डायनिंगच्या हाताच्या खुर्चीत बसवून, दोन चादरींनी छातीशी आणि मांडीशी बांधून, चौघांनी खाली नेलं. खालच्या मजल्यावरचा मुलगा उलटं तोंड करून पुढे चालत होता आणि प्रत्येक पायरीला "एक… आता दुसरी" म्हणत होता. तेव्हापासून ती खुर्ची आम्ही दाराजवळच ठेवतो, आणि उचलायला येऊ शकतील अशा चार जणांचे नंबर सोसायटीच्या फळ्यावर आहेत.

लसीही याच यादीत. दरवर्षी फ्लूची, डॉक्टर सांगतील तशी न्यूमोनियाची, आणि पन्नाशीनंतर घेता येणारी नागिणीची. शेवटची महाग आहे, दोन डोस लागतात, पण ज्याने नागिणीनंतरच्या वेदना वर्षभर भोगल्यात त्याला विचारा.

हॉस्पिटलही आधीच ठरवा. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन चालू असतो का, पक्षाघाताचं इंजेक्शन तिथे देतात का, अँजिओप्लास्टी रात्रीही होते का, आपला विमा किंवा सरकारी योजना चालते का, एवढे चार प्रश्न आत्ता जाऊन विचारून या. एक जवळचं आणि एक सर्व सोयींचं, अशी दोन नावं पक्की करा. पुणे स्टेशनजवळचं ससून चोवीस तास उघडं आहे, हे विसरू नका. पेठांत राहणाऱ्यांनी तिसरं नावही ठरवावं : अनंत चतुर्दशीचं. त्या दिवशी लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक असे रस्ते मिरवणुकीत असतात आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळे होत नाहीत. पालख्यांच्या मुक्कामातही तसंच. मंडळांची मुलं रुग्णवाहिकेला वाट करून देतात, अगदी मनापासून देतात. तरी त्या दिवशी मिरवणूक ओलांडावी लागणार नाही असं हॉस्पिटल माहीत असावं.

पहिला अर्धा तास

क्रम साधा आहे. १०८ ला फोन करा. ही सरकारी रुग्णवाहिका मोफत आहे. ११२ वरूनही मदत मिळते. फोनवर आधी काय झालं ते एका वाक्यात सांगा, मग पत्ता, मग "तिसरा मजला, लिफ्ट नाही". फोन आपणहून ठेवू नका. नंतर शेजाऱ्यांना हाक मारा आणि एकाला गेटवर उभं करा. दार उघडं ठेवा, लाल फाईल, चष्मा, कानाचं यंत्र, कवळीची डबी आणि फोनचा चार्जर पिशवीत टाका. चष्मा आणि कानाचं यंत्र का, ते पुढे सांगते.

मुलांना फोन यानंतर. मुलगा टोरोंटोत असो की बाणेरला, त्याला विचारून मग हॉस्पिटलला जाऊ, या विचारात अर्धा-अर्धा तास गेलेला मी पाहिला आहे. त्यांना गाडीत बसल्यावर कळवा.

स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. रिक्षा एक वेळ चालेल, पण छातीत दुखत असेल, बेशुद्धी असेल किंवा हाड मोडलं असेल तर रुग्णवाहिकाच.

हॉस्पिटलात

बरोबर राहणाऱ्यांत एकच जण डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा. एक वही ठेवा. रोज तेच चार प्रश्न : निदान काय, आज काय करणार, त्याने काय साधेल, आणि नाही केलं तर काय होईल? डॉक्टर राउंडला तीन मिनिटं असतात. प्रश्न लिहून ठेवलेले असले की ती तीन मिनिटं पुरतात.

आयसीयूत दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरीच म्हातारी माणसं बरळू लागतात, सलाईन ओढून काढतात, "मला इथे कोंडून ठेवलंय" म्हणतात. घरचे घाबरून जातात. तिथे खिडकी नसते, रात्रंदिवस दिवे चालू, यंत्रांचे आवाज, अनोळखी चेहरे, शिवाय चष्मा नाही आणि कानाला यंत्र नाही. अशा माणसाला जग कळणार कसं? म्हणून चष्मा लावून द्या, कानात यंत्र घाला. भेटायला गेलात की आज कोणता वार, किती वाजले, आपण कुठे आहोत, हे शांतपणे सांगा. त्यांच्याशी वाद घालू नका. नर्सला विचारून घरातलं छोटं घड्याळ ठेवा. हात बांधून ठेवण्याची वेळ यायच्या आत घरच्या माणसाला जवळ बसू द्या, अशी विनंती करा. बहुतेकांत हा गोंधळ मूळ आजाराबरोबर ओसरतो, काहींना मात्र काही आठवडे लागतात.

पैशांचं

विमा असेल तर ॲडमिट झाल्यावर ताबडतोब, बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत, कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) कळवावं लागतं. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. रखडलं तर हा नियम सांगून लेखी उत्तर मागा.

खोली निवडताना सावध राहा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार असेल आणि तुम्ही दहा हजारांची खोली घेतली, तर फक्त वरचे पाच हजार तुमच्या खिशातून जातील असं वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च अशा खोलीशी जोडलेल्या रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात. बिल निम्मं अंगावर आलेली घरं मी पाहिली आहेत. साठीनंतर विमा मिळत नाही हा समजही आता जुना झाला. नवी पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची मर्यादा २०२४ पासून राहिलेली नाही, आणि आधीच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

सत्तर पूर्ण झाली असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. कार्ड आधारवरून निघतं, म्हणून आधारवरची जन्मतारीख आणि मोबाईल नंबर आधी तपासा. आजारी पडल्यावर ओटीपीसाठी धावपळ नको. सगळी मोठी खासगी हॉस्पिटलं या योजनेत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेली दोन नावं ठरवताना हेही विचारा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागतं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा.

तिसरी वाट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. पुण्यातली बरीच नामांकित हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. कायद्याने त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. निवृत्तिवेतन नसलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कितीतरी ज्येष्ठांना ही सवलत लागू होते. मागायला संकोच वाटतो, पण हा हक्क आहे, भीक नव्हे. आणीबाणीत अशा हॉस्पिटलने रुग्णाला दाखल करून आधी स्थिर करायचं असतं.

घरी आल्यावरचे पंधरा दिवस

डिस्चार्ज मिळाला की सगळ्यांना वाटतं, सुटलो. माझ्या मते खरं जपायचे दिवस हेच.

पहिल्या संध्याकाळी घरातल्या जुन्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओता. डिस्चार्जच्या कागदाशी एकेक ताडून पाहा. जुन्या डब्यातली गोळी आणि नव्या पाकिटातली गोळी, नावं वेगळी पण आत औषध तेच, असं आमच्याकडे निघालं. दोन्ही चालू राहिल्या असत्या तर बीपी कुठल्या कुठे उतरलं असतं. जे बंद करायला सांगितलंय ते घराबाहेर काढा. दोन-तीन दिवसांत फॅमिली डॉक्टरांना सगळे कागद दाखवा. सगळ्या तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या एकत्र बघणारा तोच एक माणूस असतो.

मग खाणं. आजारपणात आपल्याकडे मऊ भात, तूप, मेतकूट. आठवड्याभराच्या अंथरुणाने मांडीचे स्नायू झडलेले असतात, आणि ते नुसत्या मऊ भाताने भरून येत नाहीत. वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा, कपभर दुधात साधारण तेवढीच, वाटीभर घट्ट वरणातही सहा-सात. त्यामुळे मुगाचं धिरडं, पनीर, दही, अंडं, मासे, डाळीचं पीठ लावलेली ताकाची कढी असं दिवसभरात वाटून द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

हलणं तितकंच महत्त्वाचं. "पडून राहा, आराम करा" हे प्रेमाने म्हटलं तरी त्याने नुकसान होतं. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली की खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, दाराबाहेर दहा पावलं. ह्यांनी पहिल्या दिवशी दोनच वेळा उठून दाखवलं. महिन्याभराने ते जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपर आणायला लागले. जे अंथरुणावरच आहेत त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्या, माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाली दिसली की तीच जखमेची सुरुवात.

वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड लगेच विकत घेऊ नका. शहरात रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देणाऱ्या संस्था आणि गणेश मंडळं आहेत. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात विचारलं की पत्ता मिळतो. ब्यूरोकडून मावशी किंवा ब्रदर ठेवणार असाल तर ओळखपत्राची प्रत घ्या आणि कामं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या : अंघोळ, औषधं, कूस बदलणं, चालवणं, जेवण. त्यांना जेवायला आणि पाठ टेकायला वेळ द्या. ती माणसंही दमतात.

सांभाळणाऱ्याचं आणि मनाचं

आजारपणानंतर बरा झालेला माणूसही खिडकीत बसून राहतो, भीतीने बाहेर पडत नाही, "आता काय उरलंय" म्हणतो. दोन आठवड्यांहून जास्त हे चाललं तर डॉक्टरांना सांगा. नैराश्याला या वयातही औषध लागू पडतं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर योजना, कायदा आणि एकटेपणा, कशाबद्दलही बोलता येतं, तीही मोफत.

आणि सांभाळणारी व्यक्ती, बहुतेक घरांत बायको किंवा सून, तिची स्वतःची बीपीची गोळी चुकते. माझी चुकली. आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी येऊन बसेल, असं मुलांना स्पष्ट सांगा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला लगेच वार आणि वेळ सांगा.

शेवटचं, आणि सगळे टाळतात ते

यातून उठणं नसेल तर व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं, हा प्रश्न मुलांवर सोडला तर तो त्यांना जन्मभर छळतो. आपल्याला काय हवं, ते शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असं वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, वैध ठरवलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना, एक त्या व्यक्तीला.

आम्ही दोघांनी ते गेल्या दिवाळीत केलं. मुलगी आली होती, तिला समोर बसवून वाचून दाखवलं. ती आधी रडली, मग तिने दोन प्रश्न विचारले, आणि मग स्वतःच उठून त्याची प्रत लाल फाईलमध्ये, औषधांच्या कागदाच्या मागे लावली.